आमची वाटचाल : किल्ल्यातला मुक्काम

आमचा सहलींचा छोटा व्यवसाय नाशिकमधून चालतो, पण त्याचे मूळ निफाड तालुक्यातील आमच्या घरच्या द्राक्षबागेत आहे. वाईनची द्राक्षे लावणारे आमचे सोयरे-शेजारी युरोपातील बागा पाहायला जात, तेव्हा आठवडाभराच्या धावपळीत वाइनरीच्या वाट्याला जेमतेम दीड तास येई, आणि त्यातलाही बराचसा बाटल्यांच्या खरेदीत जाई. बाग समजून घ्यायची तर तिथे रात्री राहिले पाहिजे, एवढ्या विचारावर आम्ही पती-पत्नींनी काम सुरू केले.

मुक्कामासाठी आम्ही इटलीतील किआंती निवडले. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातील जुन्या वैरामुळे या डोंगराळ पट्ट्यात जागोजागी किल्ले उभे राहिले, आणि त्यांपैकी गायोले गावाजवळच्या मेलेतो किल्ल्यात पाहुण्यांना राहता येते. त्याच्या कोपऱ्यांवर गोल बुरूज आहेत, आत अठराव्या शतकातील छोटेखानी नाट्यगृह आहे आणि भोवती बागा. जवळच्याच ब्रोलियो किल्ल्याचे नाते रिकासोली घराण्याशी ११४१ पासूनचे आहे. या घराण्यातील बेत्तिनो रिकासोली हे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान. त्यांनी १८७२ मध्ये एका पत्रात सांजोव्हेसे, कानायोलो आणि माल्व्हासिया या द्राक्षवाणांच्या मिश्रणाविषयी लिहिले, ते किआंतीच्या वाईनचे मूळ सूत्र मानले जाते. आज ‘किआंती क्लासिको’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाईनमध्ये किमान ८० टक्के सांजोव्हेसे लागते आणि पांढरी द्राक्षे चालत नाहीत.

पहिल्याच गटासाठी आम्ही मोठी बस ठरवली, ती अरुंद वळणावर अडली आणि ज्येष्ठ मंडळींना बॅगा ओढत चढ चढावा लागला. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून चौदापेक्षा अधिक जणांना आम्ही नेत नाही. जेवणाची चिंता मात्र फुकट गेली; शिळ्या पावाची आणि घेवड्याची रिबोलिता हे घट्ट सूप शाकाहारी मंडळींनी दोनदा मागून घेतले. गटातील निम्मे लोक वाईनला स्पर्शही करत नाहीत, हे यजमानांना समजावणे अधिक कठीण गेले.

त्याच सहलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, पिंपळगावचे एक काका चहाआधीच बागेत जाऊन उभे राहिले होते. देखरेख करणारा माणूस आला, तेव्हा त्यांनी सामानातून आणलेली कात्री न चालवता नुसती काडीवर धरून दाखवली : एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी इथे, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी इथे. हिवाळ्यात, वेल सुप्तावस्थेत असताना, एकदाच छाटणी करणाऱ्या त्या माणसाने माझ्यामार्फत विचारले, की मग तुमची वेल झोपते कधी? काका म्हणाले, “आमच्याकडं तिला झोपू देत नाहीत.” दोघे तासभर बांधावर बसले होते. मी दुभाषी म्हणून अडखळत होतो, पण काडी आणि कात्री हातात असल्याने माझी फारशी गरज उरली नव्हती.

पुढच्या सहलींच्या वेळापत्रकात दुसऱ्या दिवसाची सकाळ आम्ही कोरी सोडू लागलो. चौकशीसाठी येणारे लोक त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून “इथे काय दाखवणार?” असे विचारतात, आणि मी त्यांना छाटणीची कात्री सोबत घ्यायला सांगतो, फक्त ती विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, एवढे बजावून.