खडूने लिहिलेला 36

रविवार, रात्री साडेदहा

जेवताना आईची नजर माझ्या नखांवर गेली आणि भाताचा डाव हातातच राहिला. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालंय. नखातलं काळं आता आठवडाभर माझ्यासोबत ऑफिसला येणार.

जुलैपासून गाडीच्या मागून ‘कट्ट’ असा आवाज यायचा. स्पीडब्रेकरवर पुढची चाकं गुमान उतरायची आणि मागे कुणीतरी पाटा आपटल्यासारखं व्हायचं. भांडुप ते मुलुंड म्हणजे एलबीएस रोड, पेव्हर ब्लॉक, खड्डा, मेट्रोचे पत्रे, परत खड्डा. आवाज मोजायचंही सोडून दिलं होतं. पण गेल्या महिन्यात हायवेवर लेन बदलताना गाडीचं बूड अर्धा क्षण मागे रेंगाळलं आणि मग आलं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

आमची डबा गाडी जुनी, रचना सरळ. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा एक्सल, त्याला धरणारे दोन लांब आर्म, आणि एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रबरी बुश. खरं तर आर्मचे बुश गेल्याच वर्षी दिवाळीआधी एका गॅरेजात बदलले होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, एअर गनने घर्रर्र करून बोल्ट कसले, दीड तासात किल्ली हातात. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं!

या वेळी घरीच करायचं ठरवलं, कारण बाबा. एकतीस वर्षं बेस्टच्या डेपोत फिटर होते. आता गुडघे चालत नाहीत, पण स्टिल्टखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जीभ उत्तम चालते. सकाळी पहिलं वाक्य, “जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. स्टँड लाव. आणि काढलेलं चाक आत सरकव, तुझ्या बाजूला.” स्टँड दगा देईल तर गाडी निदान चाकावर बसेल, माझ्यावर नाही.

दुसरं वाक्य मला कळलंच नाही. “उचलायच्या आधी माप घे.” कसलं माप? चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, गाडी नेहमीसारखी जमिनीवर उभी असताना. टेपवर 36 सेंटिमीटर आले. बाबांनी ते खडूने खांबावर लिहायला लावलं.

एका वेळी एकच आर्म काढायचा, नाहीतर एक्सल गोल फिरतो आणि मग बोल्टाची भोकं जुळवत बसा. डावीकडचा पुढचा बोल्ट सुटायला पाऊण तास. एकच पावसाळा, पण खाडीची हवा. पान्याला पाईप लावून जोर दिला तेव्हा जो ‘कडक्’ आवाज आला, तो बोल्ट तुटल्याचा की सुटल्याचा, या विचारात मी डोळेच मिटून घेतले. सुटला होता.

आर्म बाबांच्या मांडीवर ठेवला. बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर. आत काहीच घसरत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा रबरच पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, उलट तेला-ग्रीसने रबर फुगतं. आमचं रबर एका बाजूने तिरपं फाटलं होतं, ओल्या फडक्याला पीळ दिल्यासारखं. बाबांनी त्या चिरेत नख घातलं आणि म्हणाले, “हे लोंबकळत कसलंय.”

म्हणजे असं, की बोल्ट कसला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट बसते, आणि रबराला तीच जागा आरामाची ठरते. चाकं लटकलेली असताना कसलं, तर गाडी खाली उतरल्या क्षणी रबर पिळलेलं. मग उभी असतानाही पिळलेलं, खड्ड्यात आणखी पिळलेलं. वर्षात फाटणारच. दीड तासाच्या कौतुकाचा हिशेब असा निघाला.

नवे बुश मी ऑपेरा हाऊसहून आणले होते आणि आकुंचन पावावेत म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले होते, सुरमईच्या शेजारी. आईने त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. गंमत म्हणजे फायदा नावालाच. 40 मिलिमीटरचं लोखंड 50 अंशांनी थंड केलं तर जेमतेम 2 शतांश मिलिमीटर आक्रसतं. खरं काम केलं ते आटे पाडलेल्या लांब दांड्याने, जाड वायसरांनी आणि पाईपच्या तुकड्याने. जुन्याची बाहेरची नळी आतून एक्सो ब्लेडने चिरून काढली. मग नट फिरवत फिरवत नवा बुश आत ओढला, साबणाचं पाणी लावून. पहिला तिरका गेला. परत काढला. दुसऱ्या वेळी बाबा खुर्चीतून उठले, कमरेत वाकले आणि बोटाने कड चाचपून म्हणाले, “आता फिरव.”

बोल्ट आधी नुसते हाताने लावले. मग एक्सलखाली जॅक घेऊन हळूहळू चढवलं. 39, 38, 37. वॉचमनही येऊन टेप बघायला लागला. 36 झाले तेव्हा बॉडी स्टँडवरून सुटायला आली होती. तिथे थांबून कसले. उजवीकडे हेच सगळं निम्म्या वेळात झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी स्टेशन रोडला चक्कर मारली. बाबा मुद्दाम मागच्या सीटवर. पहिला स्पीडब्रेकर, आवाज नाही. दुसरा, नाही. तिसऱ्यावर बारीकसं ‘टिक्’. मी आरशात बघितलं. “आडवा दांडा,” ते म्हणाले.

त्या दांड्याचा बोल्ट आज हललाच नाही, पाईप लावूनही. बाबांनी हट्ट करू दिला नाही. रोज रात्री त्यावर डिझेलचे चार थेंब सोडायचे, रबर वाचवून, आणि पुढच्या रविवारी बघायचं. सेक्रेटरींनी खांबावरच्या आकड्याबद्दल व्हॉट्सॲपवर विचारलंय. तोवर पुसू नका म्हणून कळवलंय.