बाटली टाकीत, पण मळ कुठे?

टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटलीने इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ होतात का, याचं उत्तर बाटलीवर कमी आणि मळ कुठे बसलाय यावर जास्त ठरतं. बाटलीतलं ॲडिटिव्ह पेट्रोलसोबतच जातं. पेट्रोल जिथून वाहतं तिथलाच, आणि तोही विरघळणारा मळ ते काढू शकतं. जिथे पेट्रोल पोचत नाही तिथे बाटली कितीही महाग असली तरी उपयोग शून्य.

इंजेक्टरच्या टोकावर थर बसतो तो गाडी चालताना कमी, बंद केल्यावर जास्त. इंजिन थांबलं की कूलंट फिरायचं थांबतं, उष्णता वर चढते आणि टोकावर राहिलेलं पेट्रोल तापतं. त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग तिथेच आटतो आणि राळेसारखी पुटं चढतात. म्हणून दिवसभर दोन-दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या शहरातल्या गाडीचे इंजेक्टर रोज हायवेवर पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होतात. टोकाची भोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी. तिथे पातळ थर बसला तरी फवाऱ्याची धार होते. मग सकाळी आयडलिंगला गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर गप्प बसते.

हा चिकट थर काढायला खरोखर चालणारं रसायन म्हणजे पॉलिइथर अमाइन, बाटलीवर बहुतेक वेळा ‘पीईए’ लिहिलेलं असतं. त्याचं एक टोक मळाला चिकटतं, दुसरं पेट्रोलमध्ये मिसळतं, आणि मळ थोडा-थोडा सुटून जळून जातो. ते उष्णतेला टिकत असल्यामुळे ज्वलनकक्षातली काजळीही काही प्रमाणात काढतं. स्वस्त बाटल्यांत पुष्कळदा पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन असतं. ते इंजेक्टर आणि व्हॉल्व्हपुरतं बरं काम करतं, पण ज्वलनकक्षात स्वतःच थोडी काजळी सोडू शकतं. आणि ज्या बाटलीवर घटकाचं नावच नाही, नुसतं ‘मायलेज वाढवा’ आहे, ती दुकानातच राहू द्या.

प्रीमियम पेट्रोलबद्दलही एक घोळ असतो. ९५ किंवा १०० हा ऑक्टेनचा आकडा, म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड) किती रोखलं जातं त्याचं माप. त्याचा सफाईशी संबंध नाही. तेल कंपन्या त्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालतात, सफाई होते ती त्याने. त्याचं प्रमाण स्वच्छ इंजेक्टर स्वच्छ ठेवण्यापुरतं असतं. जुना थर काढायला बाटलीतला जास्त डोस लागतो.

आता डोस. समजा ३०० मिलीच्या बाटलीवर ‘६० लिटरसाठी’ असं लिहिलंय, म्हणजे लिटरमागे ५ मिली. आपल्याकडच्या हॅचबॅकच्या टाक्या साधारण ३५ ते ३७ लिटरच्या, त्यांना १७५ ते १८५ मिली पुरे. ‘उरलंय तर ओतून टाकू’ नको. टाकी रिझर्व्हच्या जवळ आली की पंपावर आधी क्लीनर ओता आणि मग फुल्ल करा, म्हणजे नीट मिसळतं. ती टाकी मध्येच टॉप-अप न करता रिकामी होऊ द्या, आणि शक्य असेल तर त्यात तासाभराचा हायवेचा प्रवास असू द्या. क्लीनरचा थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हे काम ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीला करायचं. एमपीएफआय गाडीला (जिच्यात पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं) ८-१० हजार किलोमीटरला एकदा एवढं केलं तर पुष्कळ झालं.

एमपीएफआयमध्ये इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारतो, त्यामुळे व्हॉल्व्हही धुतला जातो. जीडीआयमध्ये, म्हणजे ह्युंदाईचं १.० टर्बो किंवा फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय असलेल्या गाड्यांत, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा थेंब येत नाही, येते ती क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली ऑइलची वाफ, आणि तिची काळी मळी घट्ट बसते. पीईए तिथे पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारणं, हाच त्यावरचा खात्रीचा इलाज. टाकीतल्या बाटलीने जीडीआयचे व्हॉल्व्ह साफ होतात असं कोणी सांगत असेल तर त्याला रस्ता विचारा: पेट्रोल तिथे जातं कसं?

सीएनजीवाल्यांचं दुखणं वेगळंच. पुण्या-मुंबईत अशा बहुतेक गाड्या सुरू होताना थोडं पेट्रोल पितात, पुढे दिवसभर गॅसवर. टाकीत चार-पाच महिन्यांचं पेट्रोल पडून राहतं, ते शिळं होऊन चिकट होतं. त्यात ई२० मधलं (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमधलं) इथेनॉल ओलावा ओढतं. पेट्रोलचे इंजेक्टर वापराविना आखडतात. इथे बाटली ओतून गाडी पुन्हा गॅसवर चालवली तर ती बाटली टाकीतच झोपून राहणार. आठवड्यातून एकदा १०-१५ किलोमीटर पेट्रोलवर चालवा, टाकी पावपेक्षा जास्त भरू नका आणि पेट्रोल फिरतं ठेवा. गॅसच्या इंजेक्टरमध्ये येणारं कंप्रेसरचं ऑइल हा स्वतंत्र विषय आहे, पेट्रोलच्या ॲडिटिव्हचा त्याच्याशी काहीच संबंध नाही.

कॉमन रेल डिझेलला (जिथे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल मिळतं) डिझेलचंच क्लीनर, पेट्रोलचं कधीच नाही. तिथे भागांमधल्या फटी काही मायक्रॉनच्या आणि दाब दीड हजार बारच्या पुढे. आतल्या चिकट थरावर चांगलं डिटर्जंट काम करतं, पण झिजलेला धातू कुठलंही रसायन भरून देत नाही. शंका असेल तर रिटर्न टेस्ट करा: प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी (जास्तीचं डिझेल परत नेणारी) सारख्या मापाच्या वेगळ्या बाटलीत सोडायची, इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं. एकच बाटली भराभर भरली तर तो इंजेक्टर गेला. आणि पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी काढणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाचं.

बाटली विकत घ्यायच्या आधी तपासणी मात्र करावी. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजेक्टरांच्या मागे लागू नका. सतत अधिक १० च्या वर असेल तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा चोरून हवा घुसतेय. एअरफ्लो सेन्सरवाल्या गाडीत आयडलला जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर संशय हवेच्या गळतीवर. जोर लावल्यावर वाढत असेल तर फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर. मिसिंगचा कोड पी०३०२ आला असेल तर दुसऱ्या सिलिंडरची ठिणगीची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच खराब. पुष्कळ ‘इंजेक्टर चोक’ झालेल्या गाड्या इथेच बऱ्या होतात.

जुन्या गाडीत पहिल्यांदाच तगडा डोस दिला, किंवा ई२० सुरू झालं, की टाकीतली वर्षांची मळी सुटते आणि फिल्टरमध्ये अडकते. गाडी चढावर दम सोडायला लागली तर इंजेक्टरला दोष देण्याआधी फिल्टर बघा. डांबरगोळ्या, कापूर, ॲसिटोन हे कार्ब्युरेटरच्या काळातले तोडगे आता बंद करा. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन पेट्रोल उडून गेल्यावर टोकावर स्फटिक होऊन बसतं, ॲसिटोन रबराच्या सीलना खातं.

गंज, वाळू, फिल्टरचे तंतू हे विरघळत नाहीत. इंजेक्टरमध्ये पेट्रोल शिरतं त्या तोंडाशी करंगळीच्या नखाहून छोटी जाळी असते, ते तिथे अडकतात. अशा वेळी इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन फ्लो बेंचवर (प्रत्येक इंजेक्टर किती फवारतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचे. सगळ्यांचं माप जवळजवळ सारखं यायला हवं आणि बंद असताना थेंबही गळता कामा नये. आधी आणि नंतरचे आकडे मागून घ्या. ते न देणाऱ्याने नुसते धुतलेत. मारुतीच्या चार सिलिंडरच्या डुअलजेट इंजिनात आठ इंजेक्टर असतात, त्या हिशेबाने खर्च धरा. काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, नाहीतर रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) दाबाखालचं पेट्रोल अंगावर येतं. बसवताना ओ-रिंग नव्याच, त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट. मग बॅटरी आणि फ्यूज जोडून, स्टार्टर न मारता किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, रेलमध्ये दाब येऊ द्या आणि प्रत्येक इंजेक्टर रेलला जोडतो तिथे टॉर्च मारून बघा, कुठे ओल आहे का.