एकवचनापाशी अडलेली रात्र

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसचा सर्व्हर मी सांभाळतो. कुठल्या बागेची पेटी कुठल्या कंटेनरमध्ये गेली, हा सगळा हिशोब त्यातच असतो. सेंटओएस ७ या लिनक्सवर चालणारं पोस्टग्रेस ९.२ हे डेटाबेस सॉफ्टवेअर, त्याला मूळ पोस्टग्रेसवाल्यांकडून २०१७ नंतर दुरुस्त्याही येत नव्हत्या. पहिली तोड सोमवारी होती, म्हणून शनिवारी रात्रीच १३ वर न्यायला बसलो.

१३ चं पॅकेज पोस्टग्रेसवाल्यांच्या रिपॉझिटरीतून टाकलं. जुनं ९.२ सेंटओएसच्याच पॅकेजातलं, आणि दोन्ही पॅकेजांची मांडणी निराळी. सेंटओएसचा डेटा /व्हार/लिब/पीजीएसक्यूएल/डेटा इथे, आवृत्तीचा उल्लेखच नाही. यांच्याकडे मध्ये १३ चं फोल्डर, आणि सर्व्हिसच्या नावातही १३. मला ही दुसरी पद्धतच पटते, कारण पीजी_अपग्रेडला, म्हणजे जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणाऱ्या प्रोग्रामला, जुने आणि नवे प्रोग्राम एकाच वेळी हाताशी लागतात.

जुन्या-नव्या प्रोग्रामांचे आणि डेटाचे असे चारही पाथ पीजी_अपग्रेडला नीट दिले, आधी नुसती तपासणी करणारा चेक चालवला. जुना सर्व्हर उठेना. लॉगमध्ये एकच ओळ: 'युनिक्स_सॉकेट_डिरेक्टरी' ही सेटिंग ओळखता येत नाही.

दीड वाजता उलगडा झाला. मूळ ९.२ मध्ये हे नाव एकवचनी आहे, ९.३ पासून ते 'डिरेक्टरीज' झालं. सेंटओएस ज्यांच्या लिनक्सवरून बनतं त्या रेड हॅट कंपनीने मात्र आपल्या ९.२ मध्येच अनेकवचन आणून ठेवलेलं, आणि सेंटओएसमध्ये तेच आलेलं. पीजी_अपग्रेड आवृत्तीचा आकडा बघून एकवचन पाठवायचं आणि समोरचा ९.२ ते घ्यायचा नाही.

सर्व्हर सुरू-बंद करणाऱ्या जुन्या पीजी_सीटीएल प्रोग्रामचं नाव बदललं आणि त्याच्या जागी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली: आलेल्या आदेशात एकवचनाचं अनेकवचन कर आणि खऱ्या प्रोग्रामकडे दे. चेक पार पडला. फायली कॉपी न करता त्याच वापरणारा लिंकचा पर्याय झटपट होतो, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना डेटा भरवशाचा राहत नाही. शेतकऱ्यांच्या पैशाचा हिशोब होता, मी कॉपीच करून घेतली.

तेवढ्यात अण्णांचा फोन. ते जागेच होते.

"भाऊ, मागच्या साली कुणाची किती पेटी, ते राहील ना?"

"राहील अण्णा. जुनं जसंच्या तसं आहे, हात लावलेला नाही."

अपग्रेडनंतर साधी यादी उघडायलाही मिनिट लागत होतं. डेटा पटकन कसा शोधायचा हे ठरवायला सर्व्हर जी आकडेवारी ठेवतो, ती १३ वर नेताना सोबत येत नाही, ती नव्याने गोळा करणारा ॲनालाइझ आदेश चालवावा लागतो. तो चालवला आणि यादी लगेच उघडली. पीजी_सीटीएल पूर्ववत केलं तेव्हा चार वाजले होते.

जुनं डेटा फोल्डर हंगाम संपेपर्यंत मी पुसलं नाही.