क्लायंट कसा आहे ते अकाउंट्स विभागात कळतं

फ्रीलान्सिंगबद्दल कुणीही सल्ला द्यायला लागलं की गाडी पोर्टफोलिओ, सोशल मीडिया आणि ओळखीपाळखी यांच्यावर येऊन थांबते. काम मिळवायचं कसं, हे सगळेच सांगतात. झालेल्या कामाचे पैसे मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागातून बाहेर कसे काढायचे, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी इलस्ट्रेटर आहे. मुलांची पुस्तकं, मासिकं, पॅकेजिंग यांसाठी चित्रं काढते. आज माझं बरं चाललंय आणि बहुतेक कामं जुन्याच क्लायंटकडून येतात. पण त्या एका पेमेंटचा राग अजून उतरलेला नाही. क्लायंट पारखायची माझी सगळी पद्धतही त्याच प्रकरणातून घडली, म्हणून नीट लिहून ठेवते.

सुरुवात सोपी गेली. नोकरीतल्या जुन्या सहकाऱ्यांना कळवलं, त्यातल्या एकीनं पहिलं काम दिलं, तिच्या ओळखीतून पुढची आली. पोर्टफोलिओत मी फक्त तेच ठेवलं ज्या प्रकारचं काम पुढे हवं होतं. लोगो आणि जाहिरातींचे लेआउट चांगले असूनही काढून टाकले. ते पाहूनच एका मोठ्या कंपनीच्या ब्रँड मॅनेजरनं स्वतःहून मेल केला. उत्पादनांची नवी मालिका येत होती आणि प्रत्येक बॉक्ससाठी वेगळं चित्र हवं होतं.

या मॅनेजरबाईंबरोबर काम करणं म्हणजे सुख होतं. ब्रीफ स्पष्ट. करेक्शन आली तर सगळ्यांची एकत्र करून एकाच मेलमध्ये, आणि हा रंग नको म्हटलं तर का नको तेही लिहिलेलं. कोटेशन घासाघीस न करता मंजूर झालं. अर्धी रक्कम आधी मागितली, तेव्हा उत्तर आलं, ‘आमच्याकडे अ‍ॅडव्हान्सची पॉलिसी नाही, पण काम झालं की 30 दिवसांत पेमेंट होतं.’ ठीक आहे म्हटलं, पण माझा दोन पानी करार पाठवला आणि त्यावर सही घेतली. त्यातल्या एका ओळीनं पुढे मला वाचवलं. ती ओळ कोणती, ते पुढे सांगते.

चित्रं पूर्ण झाली, मंजूर झाली, छपाईच्या फायली गेल्या, इन्व्हॉइस गेलं. 30 दिवस उलटले. विचारलं तर उत्तर, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ पुन्हा काही दिवसांनी विचारलं, तेच उत्तर. शेवटी अकाउंट्समधल्या माणसाचा नंबर मिळवून फोन लावला.

‘मॅडम, तुमच्या इन्व्हॉइसवर पीओ नंबर नाही. सिस्टिम घेणार नाही.’

पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर. कंपनी तो स्वतःच काढते आणि त्यावर काम, रक्कम, मुदत लिहिलेली असते. तो काढायचं काम त्यांचं होतं, माझं नव्हतं. पण पीओ काढायला व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीनं पुरवठादाराला दिलेला नंबर लागतो, आणि तो मिळायला त्यांच्या पोर्टलवर माझी नोंदणी व्हायला हवी होती. काम सुरू होण्याआधी यातलं अवाक्षर कुणी काढलं नव्हतं.

ते पोर्टल कच्चा माल पुरवणाऱ्या कारखानदारांसाठी बनवलेलं होतं. कारखान्याचा पत्ता, गोदामाचं क्षेत्रफळ, कामगारांची संख्या, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, आणि प्रत्येक रकान्यापुढे लाल तारांकन. रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नव्हता. शून्य लिहिलं तर ‘योग्य माहिती भरा’ असा लाल पट्टा यायचा. घरी टेबलाशी बसून चित्रं काढणाऱ्या बाईनं गोदामाचं क्षेत्रफळ काय लिहावं, हे हेल्पडेस्कलाही सांगता येत नव्हतं. तक्रार नोंदवली की तिकीट नंबर यायचा, आणि दोन दिवसांनी तेच तिकीट कुणाशी काही न बोलता बंद व्हायचं. फॉर्म कसाबसा गेला, तर अर्ज परत आला. बँक खातं माझ्या पूर्ण नावावर आणि इन्व्हॉइस स्टुडिओच्या नावानं, म्हणून नावं जुळत नाहीत. तेही जुळवून दिलं. बँकेचं पत्र आणलं, ते फाइलचा आकार मोठा म्हणून नाकारलं गेलं, लहान करून पुन्हा चढवलं.

व्हेंडर कोड मिळाला, पीओ निघाला, आणि मग खरा संताप आणणारी गोष्ट घडली. पीओवरची तारीख माझ्या इन्व्हॉइसनंतरची होती. ऑर्डरच्या आधीचं बिल सिस्टिम घेत नाही, म्हणून नव्या तारखेचं इन्व्हॉइस मागितलं. ते दिल्यावर सांगण्यात आलं, ‘30 दिवस आता या तारखेपासून मोजले जातील.’ त्यांचा पीओ उशिरा निघाला आणि मुदत माझी वाढली! त्यात त्या कंपनीत पैसे रोज सुटत नाहीत, महिन्यातून ठरावीक तारखांनाच एकत्र सुटतात. एक तारीख हुकली की पुढची येईपर्यंत वाट पाहायची. मधल्या काळात आमच्या मॅनेजरबाईंची दुसऱ्या विभागात बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी लिहिलं, ‘मला यातलं काही माहीत नाही, कृपया सगळे जुने मेल पाठवा.’ पाठवले. उत्तर नाही.

या काळात घरखर्च थांबत नाही आणि नवीन काम शोधायचा उत्साह मरतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. सगळ्यात जास्त त्रास या गोष्टीचा होतो की भांडायला समोर कुणी माणूसच नसतो. प्रत्येक जण सौजन्यानं बोलतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ज्या व्यक्तीला तुमचं काम आवडलंय, तिच्या हातात पैसे नसतात. ज्यांच्या हातात पैसे आहेत, त्यांनी तुमचं चित्र पाहिलेलंही नसतं. मोठ्या कंपन्यांचं सगळं दुखणं इथे आहे.

गाठ सुटली ती अशी. एके दिवशी त्याच नव्या गृहस्थांचा घाईघाईनं मेल आला. मोठ्या आकाराचा बॉक्स काढायचा होता, ओपन फायली, म्हणजे ज्यात चित्र बदलता येतं अशा मूळ फायली हव्या होत्या. माझ्या करारातली ती ओळ आता कामाला आली: ‘संपूर्ण रक्कम जमा झाल्यानंतरच चित्रं वापरण्याचे हक्क कंपनीला मिळतील, तोवर सर्व हक्क चित्रकाराकडे राहतील.’ मी लांबलचक तक्रार लिहिली नाही. इन्व्हॉइस नंबर, रक्कम, मूळ देय तारीख आणि कराराचं ते कलम, एवढंच लिहिलं. शेवटी जोडलं की हक्क अजून माझ्याकडे आहेत आणि बॉक्स छापून झालेले आहेत. मेल त्या गृहस्थांना, अकाउंट्सच्या प्रमुखांना आणि कायदा विभागाला एकत्र पाठवला. कायदा विभागाचं उत्तर त्याच दिवशी आलं. पैसे त्याच आठवड्यात खात्यात जमा झाले, ठरावीक तारीख नसतानाही. आनंद झालाच, पण चिडही आली. म्हणजे हे त्यांना केव्हाही करता आलं असतं.

त्या ओळीचं महत्त्व इतरांना पटावं म्हणून एक गोष्ट सांगते. चित्र आपण काढलं म्हणजे हक्क आपोआप आपलाच, असं धरून चालू नका. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 पाहा. मोबदला देऊन कुणी फोटो किंवा चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. त्यामुळे करार लेखीच हवा, आणि हक्क केव्हा, किती काळासाठी, कुठल्या वापरासाठी देतोय ते त्यात स्पष्ट हवं. बॉक्ससाठी दिलेलं चित्र उद्या टी-शर्टवर दिसलं तर त्याचे वेगळे पैसे मागता येतात ते याच जोरावर.

उशिराच्या पेमेंटवरही कायदे आहेत आणि ते माहीत असले की मेलची भाषा बदलते. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून फ्रीलान्सरांसाठी स्वतंत्र कायदा आहे. करारात तारीख नसेल तर काम झाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशात दोन व्यवसायांमधल्या देण्याची मर्यादा साधारणपणे 60 दिवस आहे. भारतात 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला 45 दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. थांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागू होतं. फ्रीलान्सरही अशी नोंदणी करू शकतो. करून ठेवा.

आता नवीन क्लायंट आला की कोटेशनच्या आधी माझे प्रश्न ठरलेले असतात. मंजुरी कोण देणार? बिल कुणाच्या नावानं करायचं? पीओ लागतो का, लागत असेल तर काम सुरू व्हायच्या आधी मिळेल का? पैसे महिन्यातून केव्हा सुटतात? चांगला क्लायंट या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट कुणाशी बोलायचं ते चटकन सांगतो. ‘ते आपण नंतर बघू’ म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. ‘छोटंसंच काम आहे’ आणि ‘पुढे भरपूर काम देऊ’ ही वाक्यं कानावर आली की मी दर कमी करत नाही. सवलत द्यायची तर दुसऱ्या कामात देते, पहिल्यात नाही.

फायलींचं राहिलं. मंजुरीसाठी कमी रिझोल्यूशनची आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) फाइल, वर वॉटरमार्क. छपाईची 300 डीपीआय (छपाईला पुरेशी बारीक), सीएमवायके (छपाईच्या शाईच्या रंगांची), ब्लीडसकट (कडेला कापण्यासाठी ठेवलेल्या जास्तीच्या भागासकट) फाइल उरलेले पैसे जमा झाल्यावर. ओपन फाइल कोटेशनमध्ये धरलेली नसते, हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. आणि काम मध्येच रद्द झालं तर तोवर झालेल्या कामाचे किती द्यायचे, हेही आधीच लिहून घ्या. मी रफ स्केचनंतर अर्धे धरते.

इन्व्हॉइसवर ‘30 दिवसांत’ असं कधी लिहू नका. तारीख लिहा, महिन्यासकट. ‘30 दिवस’ म्हणजे केव्हापासून, यावर वाद घालायला मग जागा राहत नाही. फोनवर ठरलेलं प्रत्येक बोलणं त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलमध्ये उतरवा. माझ्या त्या शेवटच्या मेलला वजन होतं ते आधीच्या असल्या मेलमुळेच.

लहान क्लायंटना कमी लेखू नका, हेही सांगायचं होतं. जिथे मालक स्वतः चित्र बघतो आणि स्वतःच पैसे पाठवतो, तिथे मला कधीच थांबावं लागलेलं नाही. माझे सगळ्यात जुने क्लायंट असेच आहेत, आणि मोठ्या कंपनीचं नाव पोर्टफोलिओत आलं म्हणून त्यांच्यातलं एकही काम मी सोडलं नाही. एकाच क्लायंटवर अर्ध्याहून जास्त कमाई अवलंबून असू नये, एवढं पथ्य मी पाळते. ते पेमेंट अडकलं तेव्हा मला तगवलं ते या लहान कामांनीच.

अ‍ॅडव्हान्सची पॉलिसी नाही, असं आजही ऐकायला मिळतं. त्यावर माझं उत्तर आता तयार असतं, हवं असेल तर जसंच्या तसं वापरा: ‘हरकत नाही. मग कामाचे तीन टप्पे करू. प्रत्येक टप्प्याचं इन्व्हॉइस वेगळं असेल आणि आधीच्या टप्प्याचे पैसे जमा झाले की पुढचा सुरू होईल. पीओ मिळाला की मी रफ स्केच सुरू करते.’