बंद पडलेलं ग्राइंडर

धुळ्यात माझं पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान आहे. खानदेशात ऊन चढायला लागलं की पत्र्याचे कूलर बनवणारे, शेड उभारणारे फॅब्रिकेशनवाले रात्रंदिवस राबतात आणि त्यांची मशीनंही. मग कुणाचं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा, जळतं, कुणाचे त्याला वीज पोचवणारे कार्बन झिजून संपतात. अशाच एका एप्रिलच्या दुपारी अमळनेर तालुक्यातला एक फॅब्रिकेटर चार इंची ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायचं-घासायचं हातातलं मशीन, घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक, हाताला कसब असलेला माणूस.

"नाना, मशीन बंद पडी गयं. यानी दगा दिधा."

आदल्या दिवशी गावातलं एक जुनं धाब्याचं घर उतरवायचं काम होतं. त्याच्या हाताखालचा विशीतला पोरगा घोड्यावर, म्हणजे उंचावर काम करायच्या स्टँडवर, उभा राहून सागाची तुळई कापत होता. मशीन उसळलं आणि त्याच्या डाव्या मनगटावर बसलं. पोरगा दवाखान्यात होता. अंगठ्याची तुटलेली शीर ऑपरेशन करून जोडली होती, पण अंगठा पहिल्यासारखा वळेल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. मशीनमध्येच काहीतरी खोट असणार, असं मालकाला मनापासून वाटत होतं. ती शोधून द्या म्हणाला.

मी मशीन पूर्ण उघडलं. आर्मेचर ठीक, गिअरचे दात शाबूत, दोन्ही बेअरिंग गुळगुळीत. गळती तपासायचं मीटर, मेगर, लावून पाहिलं, करंटची गळती नव्हती. खोट फक्त केबलमध्ये होती. मशीनपासून हातभर अंतरावर केबल तिरकी कापली गेली होती आणि त्या कापावर दातांच्या खुणा होत्या. म्हणजे ते बंद पडलं नव्हतंच. हातातून सुटून खाली पडल्यावरही ते फिरत राहिलं आणि त्याच्याच पात्यानं त्याची केबल तोडली, तेव्हा थांबलं. या मॉडेलचं बटण मागे असतं आणि एकदा चालू केलं की हात सुटला तरी चालूच राहतं. केबल पात्यात आली नसती तर ते त्या जखमी पोराच्या पायाशी आणखी किती वेळ नाचलं असतं, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

पात्यावर सगळं लिहिलेलं होतं. ते लाकूड कापायचं दातेरी पातं होतं. त्याचं भोक 20 मिलिमीटरचं आणि या ग्राइंडरच्या फ्लँजचं, म्हणजे पातं बसवायच्या गोल बैठकीचं, माप 16. मधली जागा भरायला पत्र्याची पट्टी गुंडाळली होती, त्यामुळे पातं मध्यावर बसलेलंच नव्हतं. एक दात मुळापासून तुटला होता, शेजारच्या दातावर लोखंडाची चकाकी होती. सागाच्या जुन्या तुळईत खिळा निघणारच. बाजूचं हँडल नव्हतं, म्हणजे मशीन एका हातात होतं. पात्यावरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्डही नव्हता.

मी मालकाला समोर बसवून पाणी दिलं आणि एकेक भाग त्याच्या हातात ठेवत गेलो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. त्या गतीला पात्याची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगानं धावत असते. कटिंगची चकती बारीक दाण्यांची असते, ती झिजत झिजत कापते. दातेरी पातं चावा घेतं. दात खिळ्यात अडकला की पातं क्षणभर थांबतं आणि त्याचा सगळा जोर मशीनला उलटा फेकतो. एका हाताच्या पकडीत तो झटका मावत नाही. गार्ड लावला तरी हे पातं ग्राइंडरवर नकोच. लाकडाला सुताराचं कटर मशीन आहे, हातकरवत आहे. जुन्या लाकडावरून आधी चुंबक फिरवला तर कडेचे खिळे तरी सापडतात.

"गार्ड आडवा येस, नाना," तो हळूच म्हणाला.

ही तक्रार खोटी नाही. फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यात गार्ड खरंच अडतो. पण स्क्रू सैल केला की तो फिरवून दुसऱ्या बाजूला घेता येतो आणि पुष्कळ कोपरे जोडणी करण्याआधीच साफ करता येतात. फार थोड्या जागा उरतात, तिथे कानस चालवावी. दहा मिनिटं जास्त जातील. अंगठा गेला तर त्या पोरानं वेल्डिंगचं होल्डर कशानं धरायचं, हे मी त्याला विचारलं. त्याचे डोळे भरून आले. पोरगा त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता.

त्याच्या डब्यात झिजून लहान झालेल्या सात इंची चकत्याही होत्या, तशाच पट्टी गुंडाळून छोट्या मशीनवर चालवायला ठेवलेल्या. त्यांवर 8,500 ही फेऱ्यांची हद्द छापलेली असते. चार इंची मशीनवर त्या कधीही फुटू शकतात. मी त्या तिथेच मोडून टाकल्या, त्यानं अडवलं नाही. चार इंचीच्या नव्या चकत्या दिल्या आणि मधल्या धातूच्या कड्यावरची मुदतीची तारीख दाखवली. उत्पादनापासून तीन वर्षं. ओल खाल्लेली चकती त्याआधीही दगा देते. नवी चकती लावली की एका बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळी फिरवायची, मगच लोखंडाला लावायची.

केबलला मी सांधा मारला नाही, अख्खी नवी टाकली. गार्ड बसवला, हँडल बसवलं, डोळ्यांचा चष्मा दिला. हे मजुरीत धरलं नाही. गार्डशिवाय मशीन परत द्यायचं नाही, हा दुकानाचा नियम आहे आणि त्यासाठी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "दुसरं बी मशीन शे, पाच इंची. त्यालेबी गार्ड लायी द्या." गाडीच्या डिकीतून त्यानं ते काढून टेबलावर ठेवलं. त्या मापाचा गार्ड माझ्याकडे नव्हता. जळगावहून मागवतो म्हटलं आणि तोवर ते मशीन दुकानातच ठेवून घेतलं.