बुडबुडे चालू आहेत ना?

आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, बबल सीपॅपचं मशीन आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वासासाठी नाकातून सतत थोडा दाब देणारं हे यंत्र. ते आलं आणि कितीतरी महिने खोक्यातच राहिलं. स्टॉक रजिस्टरला नोंद झाली, फोटो निघाला, मशीन स्टोअरला गेलं. कारणं सगळी खरी होती. भिंतीतून ऑक्सिजन येत होता, पण दाबाची हवा नव्हती. बालरोगतज्ज्ञ एकच. ते सकाळी ओपीडीत, मग सिझरला बाळ घ्यायला, आणि मध्येच मीटिंग. बाळाला ऊब देणारे वॉर्मर मोजके, बाळं जास्त, पावसाळ्यात तर एका वॉर्मरवर दोन-दोन. रात्रपाळीला सिस्टर दोघीच. अशात नवीन मशीन कोण अंगावर घेणार?

पूर्व विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मी या कक्षाची इन्चार्ज सिस्टर आहे. दिवस भरायच्या आधी झालेलं, सव्वा-दीड किलोचं लेकरू कण्हायला लागलं की पूर्वी आमचा क्रम ठरलेला असायचा: डोक्यावरच्या प्लास्टिकच्या हूडमध्ये ऑक्सिजन लावायचा, सलाईन लावायचं, १०८ची ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि मेडिकल कॉलेजला रेफर करायचं. रस्ता चार-पाच तासांचा. ते पोहोचलं का, हे नातेवाइकांच्या फोनवरून कळायचं. फोन आला नाही तर समजून घ्यायचं.

हे कण्हणं एकदा ऐकलं की विसरत नाही. श्वास सोडताना बाळ गळा अर्धवट मिटतं आणि हवा आत धरून ठेवायला बघतं. कारण फुप्फुसातल्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा होतो. त्याआधी जन्मलं की प्रत्येक श्वासानंतर त्या पिशव्या ओल्या कॅरीबॅगसारख्या आतून चिकटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा जोर लावून उघडाव्या लागतात. सव्वा किलोच्या जीवाला हा जोर किती वेळ झेपणार? दुपारी कण्हणारं बाळ रात्री शांत झालं की घरच्यांना बरं वाटायचं. आम्हाला मात्र ठाऊक असायचं की ते थकलंय.

नुसत्या ऑक्सिजनने चिकटलेलं फुप्फुस उघडत नाही. दाब लागतो, तोही थोडासाच. नाकातून सतत उबदार, ओलसर हवा द्यायची आणि बाहेर पडणाऱ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवायचं. टोक पाच सेंटिमीटर खोल तर दाब पाच सेंटिमीटर पाण्याइतका. बबल सीपॅपचं तत्त्व म्हणाल तर एवढंच. जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये असा सततचा दाब देऊन २० पैकी १६ बाळं वाचवल्याचं १९७१ साली प्रसिद्ध केलं. त्याच्या आठ वर्षं आधी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा याच आजाराने दोन दिवसही जगला नव्हता. त्याचं वजन दोन किलोच्या वर होतं! दोन किलोचं बाळ आलं तर आज आम्ही त्याला मोठं म्हणतो.

खोकं उघडायला भाग पाडलं ते नव्याने आलेल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी. त्यांनी आधी हवेचा प्रश्न घेतला. त्यांच्या आधीच्या ठिकाणी सलाईनची बाटली आणि ऑक्सिजनच्या नळ्या जोडून घरगुती सीपॅप केलेला होता. त्याने बाळं वाचलीही. पण ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणारा ब्लेंडर नसला की शंभर टक्के ऑक्सिजन जातो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचे पडदे त्याने खराब होऊ शकतात, म्हणून त्यांचा हट्ट होता की हवा मिसळल्याशिवाय सुरू करायचं नाही. मलावीच्या ब्लँटायरमध्ये मत्स्यालयाला हवा पुरवणाऱ्या पंपावर बेतलेलं स्वस्त यंत्र वापरलं गेलं, तिथे श्वासाचा त्रास असलेल्या बाळांचं जगण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांवरून ७१ वर गेलं, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. आमच्यासाठी अखेर कॉम्प्रेसर मंजूर झाला. तो येईपर्यंतच्या पत्रव्यवहाराची फाईल जाडजूड आहे, त्यात वाचण्यासारखं काही नाही. मिश्रणाचा तक्ता आम्ही भिंतीवर चिकटवला. एक लिटर ऑक्सिजनला चार लिटर हवा म्हणजे सुमारे ३७ टक्के, निम्मं-निम्मं म्हणजे ६० टक्के.

पण खरा फरक पडला तो एका कागदाने. मॅडमनी लिहून सही करून दिलं की ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वासाचा त्रास मोजणारा सिल्व्हरमन स्कोअर ४ किंवा जास्त असेल, तर सिस्टरने सीपॅप लावायचा आणि मग फोन करायचा. आधी फोन, मग वाट, मग ऑर्डर असं नाही. छाती-पोट एकत्र हलतंय का, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, छातीच्या हाडाखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, कण्हतंय का. पाच गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. हे आम्ही नर्सिंग स्कूलपासून शिकलेलो, चार्टवर भरतही होतो. त्या आकड्यावर आपण स्वतः काही करायचं असतं, असं तोवर कुणी सांगितलं नव्हतं. काही वरिष्ठांना हे रुचलं नाही. माझं मत असं, की पहिल्या तासात लावलेला सीपॅप आणि सहा तासांनी लावलेला सीपॅप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री दोन वाजता बाळाजवळ कोण उभं असतं, ते बघून नियम करावेत.

कागद मिळाल्यावरची पहिली मुलगी ३० आठवड्यांची, वजन १२०० ग्रॅमच्या आसपास. स्कोअर ६. आधी टोपी. टोपी कपाळावर घट्ट आणि कानावर दुमडलेली नको, कारण सगळा डोलारा तिच्यावरच उभा राहतो. मग प्राँग्ज, म्हणजे नाकात बसणाऱ्या दोन आखूड नळ्या. त्या नाकपुडी भरतील एवढ्या हव्यात, पण कडेची कातडी पांढरी पडता कामा नये, आणि मधल्या पडद्याला टेकायच्या नाहीत. दोन मिलिमीटरची फट ठेवायची. तोंडातून पोटात नळी घालून तिचं टोक उघडं ठेवायचं, नाहीतर हवेने पोट टम्म फुगतं. सगळं जोडलं तरी बाटली गप्प. मॅडम फोनवर म्हणाल्या, "तोंड बघा." तोंड उघडं होतं. हनुवटीखाली पट्टी दिली आणि बाटलीतून गुडगुड सुरू झाली. अर्ध्या तासात फासळ्यांची ओढ कमी झाली, ऑक्सिजन ४० टक्क्यांवरून खाली आणता आला.

आजी काचेपलीकडून बघत होत्या. आत बोलावलं तर म्हणाल्या, "सिस्टरबाई, एवढ्याशा नाकात नळ्या कायले घातल्या? गुदमरन ना व माय लेकरू." मी त्यांना बाटली दाखवली. म्हटलं, "आजी, हे पाणी उकळतंय असं वाटतं ना, ते तुमच्या नातीच्या श्वासाच्या हवेनं. हे थांबलं तर मला हाक मारा." त्यानंतर आजी जाळीच्या खुर्चीत बसून बाटलीवर पहारा देऊ लागल्या. दोनदा त्यांनीच हाक मारली. आत नातेवाईक कशाला, असं म्हणणारे तेव्हा होते, आताही आहेत. मला तरी दोन डोळे जास्त मिळाले.

मशीन चालवणं सोपं, सांभाळणं कठीण. नळ्यांत पाणी साठतं, ते काढत राहावं लागतं. बाटलीतली पातळी चढली की दाबही चढतो. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर कोरडा पडला की बाळाच्या नाकात शेंबूड घट्ट होतो. बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन मॉनिटरवर ९० ते ९५ टक्के दिसायला हवा. ९९ दिसला की नवीन सिस्टर खूश होतात. मी तेव्हा जाऊन ऑक्सिजन कमी करते. आणि नाक! दर काही तासांनी प्राँग्ज बाजूला करून पडदा बघायचा. लाल दिसला की लगेच जागा सोडवायची. बाळ वाचलं आणि नाकाचा पडदा झिजला, तर त्याच्या आईच्या नजरेला नजर देणं अवघड जातं.

ती मुलगी सीपॅपवरून सुटली, नळीने आईचं दूध पचवू लागली, मग आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने. आजीही नंबर लावून तिला छातीशी घ्यायच्या. पण सगळी अशी घरी जात नाहीत. सात सेंटिमीटर दाब आणि ६० टक्के ऑक्सिजनवरही ओढत असेल तर आजही रेफरच करावं लागतं, फक्त आता ते १०८ मध्ये थकलेलं नसतं. आणि काही बाळांसाठी आमच्याकडे येण्याआधीच उशीर झालेला असतो. बाईला अवेळी कळा सुरू झाल्या की बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन असतं, ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने ४ डोस. पहिला डोस उपकेंद्रावर एएनएमने, म्हणजे तिथल्या नर्सताईने द्यावा, हे केंद्राच्या २०१४ च्या सूचनांतच आहे. ते इंजेक्शन मिळालेल्या आणि न मिळालेल्या आईचं बाळ वॉर्मरवर ठेवल्याबरोबर फरक दिसतो. म्हणून रेफर चिठ्ठीवर मी आधी तेच शोधते.

डिस्चार्जच्या कार्डावर डोळे तपासायची तारीख लाल पेनाने लिहितो, जन्मापासून चार आठवड्यांच्या आत, आणि आशाताईंना वेगळा फोन करतो. धान कापणीच्या दिवसांत कोण येणार, म्हणून तपासणीच्या दिवशी गाडीची सोय होते का, हे आधी विचारून घेतो.

बदल्यांत माझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघी गेल्या. एक लेबर रूमला, एक दुसऱ्या तालुक्याला. जागी आलेल्या दोघींना सध्या बाहुलीवर टोपी बांधायला लावते आहे. एकीचा हात हलका आहे. दुसरी प्राँग्ज नीट बसवते, पण पट्टी घट्ट ओढते. तिला पुढच्या आठवड्यात माझ्याच पाळीत घेतलंय.