अकरावं दार मिटलं

मंडळी, उघडलं की कागदी भिंत आणि दार उभं राहील (पॉप-अप), असं जे पुस्तक दुरुस्त करतेय, ते काल रात्री साडेअकराला मिटलं आणि मिटलेलंच राहिलं. कोपरा बाहेर डोकावला नाही, कुठे कर्र झालं नाही. परत उघडलं, भिंत उभी. परत मिटलं. तीसेक वेळा हेच केल्यावर आतून आईचा आवाज आला, "पंख्याला काय लागतंय बघ गं, मघापासनं फटफट चाललीय."

मागे सांगितलेली, 'मॉन्स्टर्स, इंक.' या कार्टून सिनेमावरच्या गोष्टीच्या पुस्तकाची, मधला ताव हरवलेली ती साधारण आठ इंची प्रत आठवत असेलच. पिना गंजल्या की पहिला निसटतो तो मधला ताव, त्यामुळे २४ पानांतली ११ ते १४ ही चार पानं गायब. जोडीला रद्दीवाल्याकडे मिळालेली दुसरी प्रत कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुराचं पाणी प्यालेली. खालून चार बोटं तपकिरी रेघ, आणि आर्ट पेपर एकदा भिजून वाळला की त्याची वीटच होते. वाफ देऊन मधला ताव सोडवायला गेले, तर सलीचा, म्हणजे त्यातल्या केसाळ राक्षसाचा, निळा रंग सोलून समोरच्या पानावर गेला. अक्षरं तेवढी वाचता आली, ती उतरवून घेतली. छापील ताव मिळवायचा नाद तेव्हाच सोडला आणि त्या जागी स्वतःचा उभा राहणारा ताव घालायचं ठरवलं. बूच्या, म्हणजे सिनेमातल्या छोट्या मुलीच्या, खोलीचा कोपरा, डावीकडे साधी भिंत, उजव्या भिंतीत उघडणारं दार. मधल्या तावाची घडी बरोबर पुस्तकाच्या घडीवर येते. व्ही-फोल्डला, म्हणजे घडीवर इंग्रजी व्हीसारख्या उभ्या राहणाऱ्या कागदाला, याहून चांगली जागा कुठली?

इथपर्यंत सोपं होतं. मग दहा दारं मेली.

पहिली चार माझ्या हावरटपणाने. भिंत १६.५ सेंमी उंच आणि १२.२ रुंद घेतली होती. उघडल्यावर काय दिसायची! मिटल्यावर मात्र पुस्तकाच्या कडेने ३ मिमी जीभ बाहेर. दर वेळी कडा थोडी छाटायची, मग दार बसकं दिसायचं, मग नवीन कापायचं. चौथ्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसले, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चिकटवायच्या दोन्ही रेघा घडीशी ४५ अंशांत आहेत आणि भिंतीची मधली घडी त्या रेघांशी काटकोनात. अशी भिंत पूर्ण उघडल्यावर ताठ ९० अंशांत उभी राहते आणि दोन भिंतींमध्येही काटकोन होतो, म्हणजे खराखुरा खोलीचा कोपरा. पण मिटताना ती ४५ अंशांत आडवी पडते. तेव्हा उंची आणि एका पाखाची (मधल्या घडीच्या एका बाजूच्या भिंतीची) रुंदी यांची बेरीज गुणिले ०.७०७, एवढी जागा ती आडवी खाते. माझी बेरीज २८.७, म्हणजे २०.३ सेंमी. पान २० चं. ते ३ मिमी आले कुठून याचं उत्तर इतकं सरळ होतं, आणि मी आठवडाभर कात्रीला शिव्या घालत होते. आता उंची १५, रुंदी १२, बेरीज २७, म्हणजे १९.१. टोक खालच्या कडेपासून ९ सेंमीवर. वर-खाली दोन्हीकडे बसतं.

पाचवं आणि सहावं दार कोनमापकाने घालवलं. डावी रेघ ४५ ला, उजवी साधारण साडेसेहेचाळीसला. दीड अंशाने काय होतंय, असं मला वाटलं. होतं हे, की मिटताना एक पाख आधी बसायला बघतं, दुसरं त्याला ओढतं आणि सगळा ताण मधल्या घडीच्या तळाला येतो. तिसऱ्या-चौथ्या उघडझापीत तिथे केसाएवढी चीर, दहाव्याला भोक. त्यानंतर भाच्याच्या कंपासपेटीतला गुण्या पळवलाय. कोनमापक या कामाला वापरूच नका. गुण्याची एक बाजू घडीवर टेकवायची, रेघ मारायची, तोच गुण्या उलटा करून दुसरी रेघ. चुकला तर दोन्हीकडे सारखाच चुकेल, आणि सारखी चूक पुस्तक खपवून घेतं.

सातव्यापासून नवव्यापर्यंतचं दुखणं वेगळं. मापं बरोबर, कोन बरोबर, रात्री मिटून ठेवलेलं दार सकाळी पापडासारखं. बाहेर श्रावणसरी, घरात ओलसर कुबट हवा, त्यात मी पांढरा गोंद सढळ हाताने लावलेला. दोष सगळा गोंदाला देऊन मोकळी होणार होते, पण त्याच गोंदाने डकवलेली पुस्ती (पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद) मात्र सपाट होती. फरक एवढाच, की पुस्तीचा कागद मी मोठ्या तावातून स्वतः कापलेला आणि दाराचं कार्ड दुकानातून ए-फोर कापून आणलेलं.

ग्रेन! म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. इतकी वर्षं पुठ्ठा कापताना बघतो आपण, आणि कार्ड म्हटल्यावर विसरलो. बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभी, एक आडवी, आणि टेबलाच्या कडेला बाहेर धरल्या. एक ताठ राहिली, दुसरीने मान टाकली. ताठ पट्टीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. माझ्या तिन्ही दारांत ती आडवी होती. कागद ओल धरतो तेव्हा ग्रेनला आडवा फुगतो, त्यामुळे भिंत मधल्या घडीच्या बाजूने लांबत होती आणि तळाचा ताव घडीला काटकोनात. दोघांची तोंडं दोन दिशांना. शिवाय ग्रेनच्या विरुद्ध घडी घातली की कड फुटते, ते निराळंच. लक्ष्मीपुरीतून २१० जीएसएमचे आयव्हरी कार्डाचे पूर्ण ताव आणले आणि भिंतीची ग्रेन उभी ठेवून कापले. तळाच्या तावाची ग्रेन पुस्तकाच्या घडीला समांतर. दुकानदाराने विचारलं, "एकच दार करायला चार ताव?" मी म्हटलं, दोनच द्या. मग परत जाऊन आणखी दोन आणले.

तरीही दहावं दार मिटल्यावर मधोमध उंचवटा राहायचा. चिकटवायच्या जिभा, खाली ताव, वर ताव, सगळे थर एका रेषेत. इथे अक्कल आली चप्पल लाइनला, म्हणजे आमच्या चपलांच्या बाजारात. चप्पल घ्यायला गेले होते, पुस्तकाचं डोक्यातही नव्हतं. चप्पल करणारे मामा पट्ट्याचं टोक रापीने (चामडं तासायच्या हत्याराने) तासत बसले होते. चामडं सपाट दगडावर, रापी जवळजवळ आडवी, आणि टोकाकडे जाता जाता कातडं कांद्याच्या सालाएवढं पातळ. जिथे दोन तुकडे जुळतात तिथे आधी जाडी काढून घ्यायची, मग शिवायचं. मी पिशवीतून कार्डाचा तुकडा काढला. मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कार्डाकडे. "चामडं हाय म्हणून निघतंय. ह्यो कागूद हाय, दम धरून घ्या." त्यांनी एक कड तासून दाखवली, मी तीन फाडल्या, चौथी जमली.

आता जिभा टोकाकडे तासलेल्या आणि त्या वर न चिकटवता तावाला चिरा पाडून मागच्या बाजूला नेलेल्या. गोंद ब्रशने पुसट, मेणकागद दोन्हीकडे, शिकंज्यात (पुस्तक दाबून ठेवायच्या चौकटीत) रात्रभर. अकरावं दार ते हे. गंजक्या पिनांची सुट्टी करून तीन भोकांची शिलाई घातली, आणि भोकं मात्र जुनीच वापरली, याचं मला उगाच कौतुक वाटतंय.

हत्यारांबद्दल दोन शब्द. ऑनलाइन मागवलेली 'खऱ्या हाडाची' घडीपट्टी प्लास्टिकची निघाली आणि तिने कार्डावर चकाकते ओरखडे काढले. मी परत स्टीलच्या चमच्याच्या पाठीवर आलेय, मध्ये बटरपेपर ठेवून. दोन बाजूंच्या टेपचा सल्ला मला देऊ नका. पाच वर्षांनी ती पिवळी होऊन कडेने पाझरते, आणि ती सोडवत बसणारे आपणच असतो.

चित्राचं काम अर्धवट आहे. भिजक्या प्रतीतून सली स्कॅन केला तर छपाईच्या ठिपक्यांची जाळी उठली, म्हणून हातानेच रंगवतेय. सिनेमात त्याच्या अंगावर २३,२०,४१३ केस आहेत म्हणे. या गोष्टींच्या पुस्तकांत चित्रकार कडेने पंधरा-वीस फटकारे मारतात आणि अख्खं अंग केसाळ वाटतं. ते फटकारे मोजत बसायला मला फार आवडतं. जांभळे ठिपके मात्र जमत नाहीयेत, गोवर आल्यासारखा दिसतोय.

आणि हे लिहिता लिहिता एक घोळ लक्षात आला. दारावर लाल दिवा करणार होते, जिलेटिन पेपरची खिडकी वगैरे. पण सिनेमात राक्षस कारखान्यातून ज्या दारांवाटे मुलांच्या खोल्यांत शिरतात, त्यांचा तो दिवा खोलीत नसतोच की! तो कारखान्याच्या बाजूला, दार अडकवायच्या चौकटीवर. फुलांचं दारही आपण जास्त वेळ बघतो ते तिकडूनच. मग माझ्या कोपऱ्यात दिवा लावला तर सगळंच उलटं. भिंतीची मागची बाजू सध्या कोरी आहे, तिथे कारखाना रंगवला तर? पुस्तक फिरवून धरलं की मागून चौकट, दिवा, फुलं, पुढून खोली. दार आरपार आहेच. त्यासाठी मागच्या बाजूला कार्डाचा आणखी एक थर नको, नाहीतर तो उंचवटा परत येईल. जलरंगही नको, परत ओल. रंगीत पेन्सिली.

म्हणजे २०१३ च्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' या दुसऱ्या सिनेमावरची जी पुस्तकं पुढच्या वेळी दाखवते म्हटलं होतं, ती लांबली. सोनेरी कण्याच्या छोट्या पुस्तकाचा सुटलेला कणाही लांबला.

आज दुपारी भाचा आला होता. त्याने दार उघडलं, आतून बोट घातलं, पलीकडून काढलं आणि विचारलं, "कडी कुठाय?"

मूठ करायची राहिलीय. काल रात्रभर बघत होते, दिसली नाही. मोहरीचा दाणा चिकटवून बघते, पण मिटल्यावर तो समोरच्या पानावर उठेल का?